महत्त्वाकांक्षा आणि शोकनायकाचे अधःपतन : शेक्सपिअरकृत ‘मॅक्बेथ’चा अभ्यास

गोषवारा

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ या शोकात्मिकेचा नायक राजहत्या, मित्रहत्या आणि निरपराध स्त्री-बालकांची हत्या करतो; तरीही तो खलनायक न ठरता शोकनायक ठरतो. असे का होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महत्त्वाकांक्षा मॅक्बेथचे नैतिक ज्ञान हिरावून घेत नाही. आपण करतो ते पाप आहे हे तो प्रत्येक टप्प्यावर जाणतो. ती त्याच्या ज्ञानाचा आणि कृतीचा संबंध तोडते, पुढे विचार करण्याची त्याची तयारी संपवते आणि अखेरीस त्याची संवेदनाच सुकवते. या ऱ्हासाचा क्रम संहितेच्या आधारे येथे मांडला आहे.

बीजशब्द : शोकात्मिका, शोकनायक, महत्त्वाकांक्षा, विवेक, स्वगत, पुरुषार्थ, अधःपतन.

१. प्रस्तावना

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या ‘हॅम्लेट’, ‘ऑथेल्लो’, ‘किंग लिअर’ आणि ‘मॅक्बेथ’ या चार शोकात्मिका जागतिक नाट्यवाङ्मयातील श्रेष्ठ कलाकृती मानल्या जातात. त्यांपैकी ‘मॅक्बेथ’ हे आकाराने सर्वांत लहान नाटक होय. १६०६ च्या सुमारास लिहिले गेलेले हे नाटक शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२३ मध्ये, त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातून प्रथम छापले गेले. त्याच्या सुमारे २१०० ओळींत उपकथानकाला जवळजवळ स्थान नाही. एका पराक्रमी सेनापतीच्या मनात सिंहासनाची इच्छा जागृत होते, ती इच्छा त्याला खुनाकडे नेते आणि एका खुनातून दुसरा खून जन्माला येतो, असा या नाटकाचा सरळ व वेगवान प्रवास आहे.

मराठी रंगभूमीलाही ही कथा अपरिचित नाही. शिवराम महादेव परांजपे यांचे ‘मानाजीराव’ (१८९८) आणि वि. वा. शिरवाडकर यांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही दोन्ही नाटके ‘मॅक्बेथ’वर आधारलेली आहेत. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतूनही हे नाटक अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे. तथापि ‘अति महत्त्वाकांक्षेचा परिणाम वाईट होतो’ एवढ्या एका वाक्यात त्याचे तात्पर्य सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. हे तात्पर्य चुकीचे नसले तरी अपुरे आहे. परिणाम वाईट होतो, हे कोणत्याही नीतिकथेतून सांगता येते. माणूस आतून कसकसा बदलत जातो, हे मात्र नाटकच दाखवू शकते.

येथे एक मूलभूत अडचण उपस्थित होते. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात असे प्रतिपादन केले आहे की, संपूर्ण दुष्ट माणसाचे पतन पाहून प्रेक्षकांच्या मनात करुणा किंवा भय निर्माण होत नाही. शोकात्मिकेचा नायक अतिशय सद्गुणीही नसावा आणि दुराचारीही नसावा. एखाद्या प्रमादामुळे त्याच्यावर आपत्ती ओढवावी. मॅक्बेथचा खून हा गैरसमजातून घडलेला प्रमाद नव्हे. ऑथेल्लोप्रमाणे त्याला कोणी फसवलेले नाही. तो समजून उमजून पाप करतो. मग प्रेक्षकाला त्याच्याविषयी करुणा का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाकांक्षा त्याला कोणत्या मार्गाने भ्रष्ट करते, या प्रक्रियेतच सापडते.

२. मूळ कथा आणि शेक्सपिअरने केलेले बदल

या नाटकाचा मुख्य आधार राफेल होलिनशेड याच्या बखरीची १५८७ मधील आवृत्ती हा आहे. इतिहासातील मॅक्बेथने १०४० मध्ये डंकनचा पराभव करून स्कॉटलंडचे राज्य मिळवले आणि पुढे सतरा वर्षे, म्हणजे १०५७ पर्यंत, राज्य केले. डंकन झोपेत नव्हे, तर लढाईत मारला गेला. होलिनशेडच्या बखरीत डंकन हा मवाळ व दुर्बल राजा आहे. त्याने आपल्या मुलाला वारस नेमल्यामुळे मॅक्बेथच्या मनात रास्त वाटावी अशी तक्रार आहे. बँको हा त्या कटातील साथीदार आहे. सत्ता मिळाल्यावर मॅक्बेथ काही वर्षे न्यायाने राज्यही करतो.

शेक्सपिअरने यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलली. त्याचा डंकन वयोवृद्ध, सौम्य आणि प्रजावत्सल आहे. बँको कटापासून दूर आहे. मॅक्बेथच्या सुराज्याचा काळ गाळून टाकला आहे. झोपलेल्या राजाचा यजमानाच्या घरी खून आणि त्यासाठी पत्नीची चिथावणी हा भाग होलिनशेडच्याच दुसऱ्या एका कथेतून, डॉनवाल्डने केलेल्या डफ राजाच्या हत्येतून, उचलला आहे.

या बदलांमागे तत्कालीन राजकीय कारण होते, हे उघड आहे. स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा राजा झाला होता आणि त्याचे घराणे बँकोपासून उत्पन्न झाले अशी समजूत होती. १६०५ मध्ये राजा व संसद यांना दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यामुळे राजहत्येचा विषय लोकांच्या मनात ताजा होता. परंतु या बदलांचा वाङ्मयीन परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. दुर्बल राजा, हिरावलेला हक्क, साथीदारांची संमती, नंतरचे सुशासन या सर्व सबबी नाटककाराने एकेक करून काढून घेतल्या. मॅक्बेथपाशी स्वतःच्या समर्थनासाठी महत्त्वाकांक्षेखेरीज काहीही उरू दिले नाही.

३. नायकाचे मूळ रूप आणि भविष्यवाणी

मॅक्बेथ रंगमंचावर येण्यापूर्वी त्याची कीर्ती येते. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात एक जखमी सैनिक रणभूमीचा वृत्तान्त सांगतो. मॅक्बेथने मॅक्डोनवाल्ड या बंडखोराला उभा चिरला आणि त्याचे मस्तक तटावर लावले, असे त्याच्या तोंडून कळते. डंकन या शौर्यावर प्रसन्न होतो आणि राजद्रोही ठरलेल्या कॉडॉरच्या सरदाराचा किताब मॅक्बेथला बहाल करतो. ज्या समाजात मॅक्बेथ वाढला आहे तो समाज रक्तपाताला पराक्रम म्हणतो आणि पुढे जाण्याच्या इच्छेचा गौरव करतो, हे या प्रवेशातून लक्षात येते. म्हणजेच महत्त्वाकांक्षा हा आरंभी त्याचा दोष नसून त्याच्या मोठेपणाचाच एक भाग आहे. ज्या तलवारीने राज्य राखले, तीच तलवार पुढे राज्य चोरते.

यानंतर चेटकिणींची भेट होते. त्या मॅक्बेथला ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि भावी राजा असे तीन प्रकारे संबोधतात. येथे एक गोष्ट काळजीपूर्वक पाहिली पाहिजे. चेटकिणी खुनाचा उच्चारही करीत नाहीत. ‘तू राजा होशील’ एवढेच त्या सांगतात. ‘कसा’ हे सांगत नाहीत. खुनाचे चित्र मॅक्बेथच्या मनातूनच वर येते आणि त्या चित्राने त्याच्याच अंगावर काटा उभा राहतो. दैवात असेल तर आपण काही न करताही मुकुट मिळेल, असाही विचार तो क्षणभर करतो. त्यामुळे भविष्यवाणीने त्याला पाप करण्यास भाग पाडले, असे म्हणता येत नाही.

हा मुद्दा बँकोच्या पात्रामुळे अधिक स्पष्ट होतो. भविष्य दोघांनीही ऐकले आहे. बँकोचे वंशज राजे होतील असे त्यालाही सांगितले गेले आहे. अंधाराच्या शक्ती क्षुल्लक सत्ये सांगून मोठ्या बाबतीत घात करतात, अशी सावधगिरीची सूचना तो तत्काळ देतो. त्याच्याही मनात मोह नाही असे नव्हे. दुसऱ्या अंकाच्या आरंभी, झोपेत येणाऱ्या दुष्ट विचारांना आवर घाल, अशी प्रार्थना तो करतो. बँको मोहापासून मुक्त नाही, पण तो मोहाला कृतीचे स्वरूप देत नाही. इच्छा मनात येणे आणि इच्छेच्या स्वाधीन होणे यांतील अंतर शेक्सपिअरने या दोन मित्रांना शेजारी उभे करून दाखवले आहे. अर्थात बँकोही निष्कलंक नाही. मॅक्बेथविषयी संशय येऊनही तो गप्प राहतो आणि त्या मौनाची किंमत मोजतो.

४. विवेकाचा पराभव : बदललेला प्रश्न

पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातील मॅक्बेथचे स्वगत हे या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. राजा इन्व्हर्नेसच्या गढीत पाहुणा म्हणून आला आहे. भोजन चालू आहे आणि मॅक्बेथ पंगतीतून उठून एकटाच बाहेर आला आहे. तो स्वतःशीच खुनाविरुद्धची कारणे मोजतो. आपण डंकनचे आप्त आहोत, त्याचे प्रजाजन आहोत आणि त्याचे यजमान आहोत. यजमानाने मारेकऱ्यासमोर दार लावावयाचे असते, स्वतः सुरा धरावयाचा नसतो. डंकनने सत्तेचा कधी गैरवापर केलेला नाही. रक्तपात शिकवला तर तो शिकवणाऱ्यावरच उलटतो. या साऱ्याविरुद्ध आपल्यापाशी केवळ महत्त्वाकांक्षा आहे, असा निष्कर्ष तो काढतो. घोड्यावर मांड टाकताना फाजील जोराने उडी घेणारा स्वार जसा पलीकडच्या बाजूला कोसळतो, तशी ही आकांक्षा आहे, असे तो म्हणतो.

कोणत्याही नीतिज्ञाने केलेला युक्तिवाद यापेक्षा अधिक स्वच्छ असणार नाही. मॅक्बेथला योग्यायोग्य कळते, परिणाम कळतात आणि आपल्या प्रेरणेचे खरे नावही कळते. लेडी मॅक्बेथ येताच, हे प्रकरण पुढे न्यावयाचे नाही, असे तो तिला स्पष्ट सांगतो. तरीही काही मिनिटांतच तो खुनाला सिद्ध होतो. हे कसे घडते?

लेडी मॅक्बेथने पतीच्या एकाही कारणाला उत्तर दिलेले नाही, हे संहिता बारकाईने वाचल्यास दिसून येते. डंकन चांगला राजा नाही असे ती म्हणत नाही. यजमानधर्म क्षुद्र आहे असेही म्हणत नाही. ती केवळ प्रश्न बदलते. ‘हे योग्य आहे का?’ हा मॅक्बेथचा प्रश्न होता. ‘हे करण्याची तुझ्यात धमक आहे का?’ हा तिचा प्रश्न आहे. ती त्याच्या पुरुषार्थावर बोट ठेवते. जो माणूस रणांगणात कोणालाही भ्यालेला नाही, त्याला भित्रा म्हटले जाणे असह्य आहे. यापुढे मॅक्बेथ विचारतो तो प्रश्न ‘आपण फसलो तर?’ एवढाच असतो. नीतीचा प्रश्न गळून गेलेला असतो. उरलेला असतो तो व्यवहाराचा. पहारेकऱ्यांना मद्य पाजून त्यांच्यावर आळ घालण्याची योजना ऐकताच तोही प्रश्न सुटतो.

महत्त्वाकांक्षेच्या कार्यपद्धतीचे मर्म येथे आहे. ती विवेकाशी वाद घालून त्याला हरवत नाही. तसे करणे तिला शक्यही नसते. विवेकाला उत्तर न देताच ती चर्चेचा विषय बदलते. त्यामुळे मॅक्बेथचे नैतिक ज्ञान अबाधित राहते, पण त्याच्या हाताला आवरण्याचे सामर्थ्य त्या ज्ञानात उरत नाही. डोळ्याने हाताचे कृत्य पाहू नये, अशी इच्छा त्याने चौथ्या प्रवेशातच व्यक्त केली होती. पाहणारा डोळा आणि करणारा हात यांची ती फारकत आता प्रत्यक्षात येते.

लेडी मॅक्बेथला मात्र सर्व दोष देणे न्याय्य होणार नाही. पतीचा स्वभाव तिने अचूक ओळखला आहे. त्याला मोठेपणा हवा आहे, पण तो मिळवण्यासाठी लागणारा दुष्टपणा त्याच्यात नाही, हे तिचे निदान आहे. ती नवी इच्छा पेरत नाही. असलेल्या इच्छेच्या वाटेतील अडथळा दूर करते.

५. खुनानंतरचा क्षण

डंकनचा खून रंगमंचावर घडत नाही. प्रेक्षकाला दिसतो तो खुनानंतरचा मॅक्बेथ. खून करण्यापूर्वी त्याला हवेत तरंगणारी कट्यार दिसते. खुनानंतर त्याला ‘आमेन’ हा शब्द उच्चारता येत नाही. त्याने झोपेचाच खून केला आहे, असे सांगणारा आवाज त्याला ऐकू येतो. हातांवरचे रक्त सारा समुद्रही धुऊ शकणार नाही, असे त्याला वाटते. त्याच वेळी थोड्याशा पाण्याने हे काम भागेल, असे त्याची पत्नी सांगते. ए. सी. ब्रॅडली याने १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरील ग्रंथात असे मत मांडले आहे की, मॅक्बेथची सदसद्विवेकबुद्धी त्याच्याशी आज्ञांच्या भाषेत न बोलता कल्पनाचित्रांच्या भाषेत बोलते. कट्यार, आवाज आणि रक्ताळलेले हात ही त्या बुद्धीचीच रूपे आहेत. त्याची कल्पनाशक्ती हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा उत्तम अंश आहे आणि पुढील नाटकात याच अंशाचा क्रमशः मृत्यू होतो.

याच वेळी गढीच्या दारावर थापा पडू लागतात. इंग्रज निबंधकार टॉमस डी क्विन्सी याने १८२३ मध्ये या थापांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. खुनाच्या क्षणी मानवी जगाचे व्यवहार जणू थांबलेले असतात. थापा ऐकू येताच ते जग पुन्हा सुरू होते आणि म्हणूनच मधल्या पोकळीची भीषणता प्रेक्षकाला जाणवते, असे त्याचे विवेचन आहे. मॅक्बेथला त्या जगात परत जाण्याची वाट उरलेली नाही. त्या थापांनी डंकनला उठवता आले तर बरे होईल, अशी त्याची प्रतिक्रिया आहे. मुकुट अद्याप मस्तकावर यावयाचा आहे आणि पश्चात्ताप आधीच पोहोचला आहे.

६. साध्याची जागा भयाने घेणे

तिसऱ्या अंकात मॅक्बेथ राजा आहे. महत्त्वाकांक्षा पूर्ण झाली आहे. आता तिचे काम संपावयास हवे. परंतु तसे होत नाही. आपल्या मस्तकावरचा मुकुट निष्फळ आहे, कारण आपल्यामागे राज्य बँकोच्या वंशाकडे जाणार, ही टोचणी त्याला लागते. आपण आपले मन बँकोच्या मुलांसाठी मलिन केले, असा हिशेब तो मांडतो. मिळवण्याची इच्छा आता राखण्याच्या भीतीत रूपांतरित झाली आहे. मिळवण्याच्या इच्छेला निदान एक शेवट असतो. गमावण्याच्या भीतीला तो नसतो. नाटकातील रक्तपात मुकुट मिळाल्यानंतर वाढतो, याचे कारण हेच आहे.

या अंकात दोन बदल विशेष लक्षणीय आहेत. पहिला बदल त्याच्या भाषेतील आहे. बँकोच्या खुनासाठी नेमलेल्या मारेकऱ्यांशी बोलताना मॅक्बेथ त्यांच्या पुरुषार्थाला आव्हान देतो. कुत्र्यांच्या अनेक जाती असतात, तशा माणसांच्याही असतात. तुम्ही कोणत्या प्रतीचे पुरुष आहात, असे तो त्यांना विचारतो. पहिल्या अंकात ज्या युक्तिवादाने त्याचा स्वतःचा विवेक पराभूत झाला, तोच युक्तिवाद तो आता दुसऱ्यांवर वापरतो. भ्रष्ट झालेला माणूस भ्रष्ट करणारा होतो, हे शेक्सपिअरने कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे.

दुसरा बदल त्याच्या सहजीवनातील आहे. ज्या पत्नीला त्याने भविष्यवाणीची वार्ता पत्राने तातडीने कळवली होती, तिला तो बँकोच्या खुनाचा बेत सांगत नाही. कृत्य झाल्यावर तू कौतुक कर, तोवर अजाण राहा, अशा आशयाचे तो बोलतो. वरकरणी हे प्रेमाचे शब्द आहेत. प्रत्यक्षात ती एकाकीपणाची सुरुवात आहे. मेजवानीच्या प्रसंगी बँकोचे भूत केवळ मॅक्बेथलाच दिसते. सर्व सरदारांनी भरलेल्या सभेत राजा एकटा पडतो. पाहुणे निघून गेल्यावर तो म्हणतो की, आपण रक्ताच्या प्रवाहात इतके आत आलो आहोत की मागे फिरणे हे पलीकडे जाण्याइतकेच कष्टाचे आहे. येथे परतीचा मार्ग नाही असे तो म्हणत नाही. परतण्याचा कंटाळा आला आहे, असेच जणू तो म्हणतो. पापाच्या भयाची जागा थकव्याने घेतली आहे.

७. विचाराचा त्याग आणि संवेदनेचा अंत

चौथ्या अंकात मॅक्बेथ स्वतः चेटकिणींच्या शोधात जातो. पूर्वी त्या त्याच्या वाटेवर आल्या होत्या. आता तो त्यांच्या दारी गेला आहे. मॅक्डफ इंग्लंडला निघून गेल्याचे कळताच तो एक निश्चय करतो : यापुढे मनात जे प्रथम येईल तेच हाताने तत्काळ करावयाचे. पहिल्या अंकात इच्छा आणि कृती यांच्यामध्ये एक दीर्घ स्वगत उभे होते. त्या स्वगतात त्याची माणुसकी होती. आता ते अंतर तो जाणीवपूर्वक मिटवून टाकतो. विचार केला तर हात थांबेल, हे त्याला अनुभवाने कळले आहे. म्हणून तो विचारच वर्ज्य करतो.

या निश्चयाचे पहिले फळ म्हणजे फाइफ येथील मॅक्डफच्या पत्नीची व मुलांची हत्या. डंकनच्या खुनाने मुकुट मिळाला. बँकोच्या खुनामागे वंशाची भीती होती. या तिसऱ्या हत्याकांडातून मॅक्बेथला काहीच मिळावयाचे नाही. महत्त्वाकांक्षेच्या दृष्टीनेही ते निरर्थक आहे. साधन म्हणून स्वीकारलेली हिंसा आता साध्यावाचून चालू राहिली आहे. ही वार्ता इंग्लंडमध्ये मॅक्डफला कळते तेव्हा माल्कम त्याला पुरुषासारखे दुःख सोसण्यास सांगतो. त्यावर, पुरुषासारखे सोसण्यापूर्वी ते पुरुषासारखे अनुभवलेही पाहिजे, अशा अर्थाचे उत्तर मॅक्डफ देतो. लेडी मॅक्बेथने पुरुषार्थाची जी व्याख्या केली होती, तिचे खंडन नाटकात येथे होते. संवेदना ही पुरुषार्थाची उणीव नसून त्याचाच भाग आहे, हे शोकाने व्याकूळ झालेला एक योद्धा सांगतो.

पाचव्या अंकात पती-पत्नींच्या भूमिकांची विलक्षण अदलाबदल झालेली दिसते. थोड्या पाण्याने रक्त जाईल असे म्हणणारी लेडी मॅक्बेथ झोपेत चालत हात चोळीत राहते आणि डाग जात नाही म्हणून तळमळते. समुद्रही पुरणार नाही असे म्हणणारा मॅक्बेथ मात्र आता कशानेही हलत नाही. डनसिनेनच्या किल्ल्यात स्त्रियांचा आक्रोश ऐकू येतो, तेव्हा भीतीची चवच आपण विसरलो आहोत, असे तो म्हणतो. राणीच्या मृत्यूची बातमी येते. तिच्यासाठी त्याला रडताही येत नाही. दिवसामागून दिवस सरपटत जातात आणि आयुष्य हे एखाद्या मूर्खाने सांगितलेल्या अर्थहीन गोष्टीसारखे आहे, एवढीच त्याची प्रतिक्रिया होते. हे तत्त्वज्ञान नव्हे. ज्याने आपल्या जीवनाचा अर्थ स्वतःच्या हाताने नष्ट केला, त्या माणसाने केलेली ती नोंद आहे.

तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात मॅक्बेथ स्वतःच्या आयुष्याचा ताळेबंद मांडतो. आपले जीवन पिकल्या पानासारखे झाले आहे. वृद्धपणी माणसाला लाभावा असा मान, प्रेम, आज्ञाधारकपणा आणि मित्रांचा मेळा आपल्या वाट्याला येणार नाही. त्यांच्या जागी दबक्या आवाजातील शाप आणि तोंडदेखला आदर आहे, असे तो म्हणतो. पहिल्या अंकात खुनाला नकार देताना, लोकांकडून नुकताच मिळालेला सोन्यासारखा लौकिक मिरवावा, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. तोच लौकिक त्याने गमावला आहे आणि ते त्याला अचूक कळते. कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५ मधील आपल्या प्रतिमाविषयक ग्रंथात या नाटकातील वस्त्रांच्या प्रतिमांकडे लक्ष वेधले आहे. मॅक्बेथच्या अंगावरची राजवस्त्रे चोरीची आणि त्याच्या मापापेक्षा मोठी आहेत, असा भास या प्रतिमा वारंवार निर्माण करतात. विशेष म्हणजे, दुसऱ्याची वस्त्रे आपल्यावर का चढवता, हा प्रश्न कॉडॉरचा किताब मिळताना प्रथम मॅक्बेथनेच विचारला होता.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, ‘मॅक्बेथ’मध्ये महत्त्वाकांक्षा ही मुळात दुर्गुण म्हणून येत नाही. ती पराक्रमाची सोबती आहे. कृतज्ञता, आतिथ्य आणि मैत्री यांची बंधने तिने तोडली तेव्हा ती विनाशक ठरली.

दोन, भविष्यवाणी आणि पत्नीची चिथावणी ही निमित्ते आहेत. बँकोच्या उदाहरणावरून मॅक्बेथला निवडीचे स्वातंत्र्य होते हे सिद्ध होते. म्हणूनच त्याची जबाबदारी कमी होत नाही.

तीन, त्याचा ऱ्हास ज्ञानाच्या अभावातून झालेला नाही. प्रथम नीतीच्या प्रश्नाची जागा धाडसाच्या प्रश्नाने घेतली. नंतर मिळवण्याच्या इच्छेची जागा गमावण्याच्या भीतीने घेतली. पुढे विचाराचा त्याग झाला आणि शेवटी संवेदना लोपली. हा क्रम इतका सुसंगत आहे की प्रत्येक पायरीवर थांबणे शक्य होते, याची जाणीव प्रेक्षकाला सतत राहते.

चार, ॲरिस्टॉटलच्या निकषावर मॅक्बेथ शोकनायक कसा, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तिसरा रिचर्ड हा शेक्सपिअरचा दुसरा खुनी राजा आपल्या दुष्टपणाचा आनंद घेतो. मॅक्बेथला एकाही खुनाचा आनंद मिळत नाही. आपण काय गमावले याचे मोजमाप तो स्वतःच करतो आणि ते मोजमाप खोटे नसते. प्रेक्षकाची करुणा त्याच्या कृत्यांना नसून, त्या कृत्यांखाली गाडल्या गेलेल्या एका मोठ्या माणसाला आहे; आणि भय यासाठी आहे की, योग्य काय हे पुरते कळूनही माणूस इतका खाली जाऊ शकतो.

नाटकाच्या आरंभी मॅक्बेथने एका राजद्रोह्याचे मस्तक तटावर लावले होते. नाटकाच्या अखेरीस मॅक्डफ मॅक्बेथचे मस्तक घेऊन माल्कमसमोर येतो. त्या मस्तकाखाली पूर्वी ज्याला सारा देश शूर म्हणत होता तो माणूस होता, ही आठवण माल्कमच्या विजयी भाषणात कोठेही नाही. तो त्याचा उल्लेख केवळ खाटीक असा करतो. ती आठवण ठेवण्याचे काम नाटककाराने प्रेक्षकावर सोपवले आहे.